जुनी पुस्तके, नवे लेखन आणि एका फेरीतील बदल

आपल्या घरी १९६२ पूर्वी छापलेले एखादे मराठी पुस्तक असल्यास त्याचे कोणतेही पान उघडून पाहावे. अक्षरांच्या डोक्यावर टिंबांची दाटी दिसेल. नांव, गांव, पांच, आतां, कांहीं, तेथें, केलें, ओळीओळीला अनुस्वार. ह्यांतील बहुतेक अनुस्वारांचा उच्चार त्या काळीही कोणी करीत नसे. १९६१ साली मराठी साहित्य महामंडळ स्थापन झाले, पुढील वर्षी त्याचे चौदा नियम शासनाने मान्य केले आणि १९७२ साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. त्या अठरा नियमांनी हे अनुच्चारित अनुस्वार गेले. ‘कवि’चा ‘कवी’ झाला, ‘बुद्धि’ची ‘बुद्धी’ झाली.

आता प्रश्न असा, की ह्या नियमांपूर्वी छापलेल्या शेकडो पुस्तकांचे काय करावयाचे? आपल्या देशातील कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याच्या ग्रंथांवरील स्वामित्वाचा हक्क संपतो. साने गुरुजी १९५० साली निवर्तले; त्यांची पुस्तके २०११ च्या आरंभापासून सर्वांस मोकळी झाली. अशी पुस्तके आज उत्साही तरुण मंडळी संगणकावर उतरवून घेत आहेत. आमच्या देवगड तालुक्यातील पोंभुर्ले हे तर बाळशास्त्री जांभेकरांचे गाव. ज्यांनी १८३२ साली ‘दर्पण’ काढून मराठी वृत्तपत्रांचा पाया घातला, त्यांच्या काळातील मजकूर आजच्या मुलांस वाचता यावा, असे इकडे कोणास वाटणार नाही?

माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी एकाने जामसंड्यास बसून असेच एक चारशे पानी पुस्तक संगणकावर उतरविले, आणि ते नव्या लेखनात कसे आणावे हे विचारावयास तो मजकडे आला. यंत्र त्याला कळते, व्याकरण मला थोडेफार कळते; अशा दोघांनी बसून ह्या प्रश्नाचा जो विचार केला तो आज आपणांपुढे ठेवीत आहे. मूळ लेखन बदलावेच की नाही, हा वाद वेगळा आहे. माझे मत असे की, अभ्यासकासाठी मूळ प्रत जशीच्या तशी राहावी आणि शाळेतील मुलासाठी नव्या लेखनाची दुसरी प्रत असावी. ती दुसरी प्रत करताना पहिलीचा अर्थ बिघडू नये, एवढाच आजचा विषय.

संगणकावर लिहिणाऱ्या प्रत्येकास ‘शोधा आणि बदला’ ही सोय ठाऊक असते. ‘नांव’ शोधा, ‘नाव’ घाला. क्षणात सारे पुस्तक बदलते. परंतु असे शब्द शेकडो असतात, आणि प्रत्येकासाठी ही क्रिया हाताने करावयाची तर मनुष्य कंटाळतो. मग त्यास सोपी युक्ती सुचते, की डोक्यावरील टिंबच सरसकट काढून टाकावे. ह्या युक्तीइतका घात दुसरी कोणतीच करीत नाही. ‘मुलांना’ लिहिताना अनुस्वार नव्या नियमांतही हवाच. तो गेला की ‘मुलाना’ असा कोणत्याच काळी शुद्ध नसलेला शब्द तयार होतो. ‘शेंगा’च्या ‘शेगा’ होतात, ‘मेंदू’चा ‘मेदू’ होतो. आणि आमच्याकडे आंब्याच्या पेटीत जो पेंढा घालतात त्याचा होतो पेढा. पेटी उघडणाऱ्यास आनंदच होईल म्हणा!

त्याहून शहाणा मनुष्य शब्दांची यादी करतो. ‘दांत’ ह्याचा ‘दात’, ‘पांच’ ह्याचा ‘पाच’, ‘हंसणे’ मधील ‘हंस’ ह्याचा ‘हस’. परंतु यंत्रास शब्द म्हणजे काय हे ठाऊक नसते. त्यास केवळ चिन्हांची ओळ दिसते. ‘वेदांत’ ह्या शब्दाच्या पोटात ‘दांत’ दडलेला आहे, म्हणून वेदांताचा ‘वेदात’ होतो. ‘पांचाली’ची ‘पाचाली’ होते. ‘परमहंस’ हे ‘परमहस’ होतात आणि इटलीचा महाकवी दांते हा आमच्या कोकणातील दाते होऊन बसतो. शेवटच्या इकाराचीही तीच कथा आहे. ‘कवि’च्या जागी ‘कवी’ घाला अशी आज्ञा दिली, की पहिला बळी ‘कविता’ हा शब्द; तिची ‘कवीता’ झाली. ‘गुरु’चा ‘गुरू’ केला की ‘गुरुवार’ बिघडला, कारण समासाच्या पूर्वपदातील ऱ्हस्व नव्या नियमांनीही ऱ्हस्वच ठेवला आहे. वर ‘आणि’, ‘तथापि’, ‘परंतु’ ही अव्यये ऱ्हस्वान्तच राहिली. म्हणजे नियम मुखोद्गत असूनही आज्ञा चुकू शकते.

ह्यानंतर क्रमाची अडचण येते, आणि ती सूक्ष्म असल्यामुळे ध्यानात येत नाही. शाळेतील हजेरीपटाचे उदाहरण घेऊ. वर्षाच्या मध्यावर नवा विद्यार्थी आला आणि वर्णानुक्रमे त्याचा क्रमांक सातवा लागला. मग जुना सातवा आठवा व्हावा, आठवा नववा, नववा दहावा. आता यंत्रास आज्ञा दिल्या: सातचे आठ कर, मग आठचे नऊ कर, मग नवाचे दहा कर. परिणाम काय होईल? पहिल्या आज्ञेने सातव्याचा आठ झाला. दुसऱ्या आज्ञेने त्या नव्या आठाचा व जुन्या आठाचा, दोघांचाही नऊ झाला. तिसरीने सारे दहा झाले. तीन मुलांचा मिळून एक क्रमांक उरला, आणि कोणता मूळचा कोणता हे शोधण्याचा मार्गही बुजला. एकामागून एक आज्ञा चालविण्यातील दोष हाच, की पुढील आज्ञेस मागील आज्ञेने लिहिलेला मजकूर मूळचाच वाटतो. दोन शब्दांची परस्पर अदलाबदल तर अशा पद्धतीने होणेच अशक्य. ‘डावा’च्या जागी ‘उजवा’ आणि ‘उजवा’च्या जागी ‘डावा’ असे सांगितले, तर शेवटी सारे ‘डावा’च उरते.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ली मॅकमॅहन यांनी १९७३-७४ च्या सुमारास ‘सेड’ नावाचे एक साधन केले. ते आजही जगभर वापरात आहे. त्यास शेकडो आज्ञांची फाईल देता येते, आणि ते मोठा मजकूर ओळीओळीने एकदाच वाचते, म्हणून ते चपळही आहे. पण ओळ हाती घेतल्यावर तिच्यावर आज्ञा चालवावयाच्या त्या एकामागून एकच. सबब वेळ वाचला तरी हजेरीपटाचा घोटाळा तेथेही टळत नाही. वेग आणि शुद्धता ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ह्यावरून ध्यानात यावे.

मग उपाय कोणता? आमच्याकडे अढीतून आंबे काढताना पाहावे. आधी सारी अढी धुंडाळून तयार आंबे काढले, मग पुन्हा आरंभापासून कच्चे पाहिले, मग तिसऱ्यांदा डागी वेचले, असे कोणी करीत नाही. आंबा एकदा हाती घ्यावयाचा, त्याची पारख करावयाची, आणि ज्याच्या त्याच्या टोपलीत टाकावयाचा. टोपलीत गेलेल्या आंब्यास पुन्हा हात नाही. मजकुराचेही असेच करावे. मूळ मजकूर आरंभापासून शेवटपर्यंत एकदाच वाचावा. प्रत्येक ठिकाणी साऱ्या यादीचा एकदम विचार करावा. शब्द जुळला तर त्याचे नवे रूप निराळ्या फाईलीत लिहावे, न जुळला तर जसाच्या तसा उतरावा. आणि एकदा लिहिलेल्याकडे पुन्हा वळून पाहू नये. हजेरीपटातील सातवा आठवा होतो व तेथेच थांबतो.

ह्यात श्रमही किती वाचतात पाहा. चारशे पानी पुस्तक, पानास दोन हजार चिन्हे, म्हणजे आठ लक्ष चिन्हे झाली. पाचशे शब्द बदलावयाचे असून प्रत्येकासाठी सारे पुस्तक वाचावयाचे, तर चाळीस कोटी चिन्हे वाचली जातात; एका फेरीत आठ लक्षांत काम भागते. एका पुस्तकापुरते बोलावयाचे तर आजच्या यंत्रास चाळीस कोटींचेही विशेष वाटत नाही. परंतु एखाद्या दैनिकाचे पन्नास वर्षांचे अंक अशा रीतीने बदलावयाचे झाल्यास हा फरक घटकेचा व दिवसांचा ठरतो.

साऱ्या यादीचा एकदम विचार यंत्र कसे करते, असे कोणी विचारील. टपालाचे उदाहरण द्यावेसे वाटते. १९७२ च्या ऑगस्टच्या १५ तारखेपासून आपल्या पत्त्यांत सहा आकडी पिनकोड आला. श्रीराम भिकाजी वेलणकर ह्या संस्कृतज्ञ मराठी गृहस्थांची ती योजना. पत्रावर प्रथम ४ असेल तर इतर सर्व प्रांत तेथेच बाद झाले. पुढे १, मग ६ असे आले की पत्र आमच्या बाजूस वळले. राहिलेल्या तीन आकड्यांत गावचे टपालघर सापडले. देशातील प्रत्येक टपालघराचे नाव त्या पत्राशी ताडून पाहावे लागत नाही. बदलावयाच्या शब्दांचीही अशीच वाटेवाटेला फुटणारी रचना करता येते. ‘नांव’, ‘नांगर’, ‘नाहीं’ ह्या साऱ्यांची पहिली वाट ‘ना’ अशी एकच. पुढे ज्याची त्याची फांदी निराळी. बेल प्रयोगशाळेतीलच आल्फ्रेड अहो आणि मार्गारेट कोरासिक यांनी १९७५ साली ह्यात मोठी भर घातली. एखाद्या फांदीवर जुळणी मोडली तर आरंभी परतावयाचे नाही. जेवढे वाचून झाले त्याची शेपटी दुसऱ्या एखाद्या शब्दाचा आरंभ ठरत असेल, तर सरळ त्या फांदीवर उडी घ्यावयाची. अशाने यादीत शंभर शब्द असोत की लाख, मजकूर वाचण्याचे काम जवळजवळ तेवढेच राहते. ग्रंथालयाच्या सूचीत शोध घेण्याचे त्यांचे काम ह्या युक्तीने पाच ते दहा पट वेगाने होऊ लागले होते.

आम्हांस मात्र इतक्या मोठ्या आयुधाची गरज पडली नाही. आम्ही केले ते असे. विद्यार्थ्याने पायथन ह्या संगणकभाषेत दहा-पंधरा ओळींची एक आज्ञावली लिहिली. तिने प्रथम काहीही न बदलता पुस्तकातील सर्व निरनिराळ्या शब्दांची यादी काढली, आणि प्रत्येक शब्द किती वेळा आला तेही शेजारी मांडले. एकच शब्द दोनशे वेळा आलेला असला तरी यादीत तो एकदाच येतो, म्हणून चारशे पानांचे पुस्तक वाचण्यापेक्षा ही यादी वाचणे कितीतरी हलके पडते. ती मी घेऊन बसलो. ज्या शब्दाचे लेखन बदलावयाचे त्याच्यापुढे नवे रूप लिहिले. ज्याचे बदलावयाचे नाही तो रिकामा सोडला. ज्याविषयी निश्चय होईना त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह मांडले. मग दुसऱ्या आज्ञावलीने मूळ मजकुरातून एकेक पूर्ण शब्द उचलला, माझ्या यादीत पाहिला, आणि नवे रूप असल्यास ते नव्या फाईलीत लिहिले. पूर्ण शब्दच ताडून पाहावयाचा असल्यामुळे ‘वेदांत’ व ‘दांत’ यांचा येथे संबंधच येत नाही. ‘दांत’, ‘दांताने’, ‘दांतांचा’ ही रूपे मात्र निरनिराळी लिहावी लागतात. ज्यांस इतकी रूपे लिहिण्याचा कंटाळा असेल त्यांनी शब्दांचे तुकडे शोधावेत. पण मग यादीत लांब शब्द आधी व आखूड मागून ठेवावेत आणि अपवाद स्वतःशीच जोडून द्यावेत. ‘पांचाली’च्या जागी ‘पांचाली’च घाला, असे सांगणे वरवर हास्यास्पद दिसते, परंतु त्यामुळे तो शब्द ‘पांच’च्या तावडीत सापडण्यापूर्वीच सुखरूप पलीकडे जातो.

पूर्ण शब्द उचलण्याच्या बाबतीत देवनागरी लिहिणारांनी एक सावधगिरी बाळगली पाहिजे. पायथनमध्ये शब्दाची हद्द ओळखण्याची जी नेहमीची खूण आहे ती काना, मात्रा, वेलांटी व अनुस्वार ह्यांस अक्षर समजत नाही. तिच्या दृष्टीने ‘हंस’ ह्या शब्दात ‘ह’ संपताच शब्द संपला! म्हणून हद्द आपणच ठरवून द्यावी लागते. देवनागरीची जी चिन्हे शब्दात येऊ शकतात ती सर्व, अंक व दंड वगळून, ‘शब्दातील’ धरावीत, आणि त्यांखेरीज दुसरे काही आले की शब्द संपला असे सांगावे. ह्या कामात विद्यार्थ्याची एक सबंध संध्याकाळ गेली.

डोळ्यांस एक दिसणारे पण यंत्रास दोन वाटणारे शब्द हा आणखी एक गुंता आहे. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोड ह्या जागतिक संकेतात २००८ साली स्वतंत्रपणे आले. त्यापूर्वी लोक ‘अ’ वर चंद्र देऊन ते दोन चिन्हांत लिहीत, आणि आजही कित्येक तसेच लिहितात. तीच गोष्ट ‘दऱ्या’ ह्या शब्दातील अर्ध्या ‘र’ची. तो लिहिण्याच्या दोन रीती आहेत, आणि त्यांपैकी एकीत मध्ये न दिसणारे एक जोडचिन्ह असते. मजकूर ‘स्वच्छ’ करावयाचा म्हणून कोणी सारी न दिसणारी चिन्हे काढून टाकली, तर डोंगरातील दऱ्या जाऊन तेथे एकदम दर्या उसळतो. आणि लग्नघरी आचाऱ्यास द्यावयाची मजुरी आचार्यास पोहोचते. म्हणून आरंभीच ह्या दोन रीतींपैकी एक निवडून सर्वत्र तीच करून घ्यावी, आणि मगच शब्दांची यादी काढावी.

आता प्रश्नचिन्हांकडे वळतो. कारण खरा पेच तेथे आहे. जुन्या लेखनात ‘घरांत’ म्हणजे एका घरात आणि ‘घरांत’ म्हणजे पुष्कळ घरांत. दोहोंस अनुस्वार असे. नव्या लेखनात एकवचनाचा अनुस्वार गेला, अनेकवचनाचा राहिला. ‘गलबत बंदरांत शिरले’ येथे बंदर एक आहे, तेव्हा ‘बंदरात’ लिहावयाचे. ‘कोकणच्या बंदरांत गलबते येत’ येथे बंदरे अनेक, तेव्हा टिंब ठेवावयाचे. ‘हातांत काठी’ घेतली तर हात बहुधा एक, पण ‘डोळ्यांत पाणी’ आले ते दोन्ही डोळ्यांत. ह्याचा निर्णय शब्दाकडे पाहून होत नाही. वाक्य वाचावे लागते, कित्येकदा मागचा परिच्छेद वाचावा लागतो. अशा शब्दांपाशी यंत्राने काहीही न बदलता थांबावे. तिसऱ्या आज्ञावलीकडून आम्ही ते सर्व, आगेमागे पाच-पाच शब्दांसह, वेगळे काढून घेतले.

दुसरा प्रकार याहून नाजूक आहे. ‘पांच’ म्हणजे संख्या आणि ‘पाच’ म्हणजे हिरवे रत्न. ‘नांव’ म्हणजे ज्याने हाक मारावयाची ते आणि ‘नाव’ म्हणजे होडी. जुन्या लेखनात हे जोडशब्द डोळ्यांनी वेगळे कळत. नव्यात ते एक झाले. वाचणाऱ्यास संदर्भाने अर्थ लागतो, त्यामुळे नियमाविषयी माझी तक्रार नाही. परंतु उद्या विजयदुर्ग-देवगडच्या किनाऱ्यावरील जुन्या होड्यांचा इतिहास लिहू पाहणाऱ्या कोणी ह्या पुस्तकांत ‘नाव’ हा शब्द शोधला, तर त्याच्या पुढ्यात नावांबरोबर सारी नांवेही येऊन पडतील. तसेच ‘केलें’ हे नपुंसक एकवचन आणि ‘केले’ हे पुल्लिंगी अनेकवचन, हा भेदही नव्या प्रतीत उरत नाही. दोन शब्दांचा एक करणे यंत्रास क्षणाचे काम. त्या एकाचे पुन्हा दोन करणे कोणत्याही यंत्रास साधत नाही. मूळ फाईल जर त्याच नावाने पुसून नवी लिहिली गेली असेल, तर ते ज्ञान त्या पुस्तकापुरते गेलेच.

म्हणून आज्ञावलीने मूळ फाईल केवळ वाचावी, तिच्यात लिहू नये, अशी व्यवस्था आरंभीच करावी. मूळ, नवी, आणि बदलांची यादी अशा तीन फाईली एकत्र ठेवाव्यात व यादीवर तारीख घालावी. कोणता शब्द किती ठिकाणी बदलला याचा आकडा यंत्राकडून मागून घ्यावा. मूळ यादीतील आकड्याशी तो जुळला नाही, तर कोठेतरी शब्दाची हद्द चुकली असे समजावे. प्रथम एकाच प्रकरणावर प्रयोग करून दोन्ही प्रती शेजारी शेजारी वाचाव्यात, आणि प्रश्नचिन्हांकित शब्दांची यादी कागदावर छापून घ्यावी; पडद्यापेक्षा कागदावर, हाती पेन्सिल घेऊन, ती वाचणे मला तरी सोपे जाते.